चौथा नंबर ओटोचा

हार्पर्स बेंड, आयोवा
१२ जून १९४९

प्रिय ओटो,

या आठवड्याच्या पाच बेसबॉल सामन्यांचे स्कोअरचे कागद सोबत आहेत. पहिले दोन बघू नकोस, उगाच ताप वाढेल.

डोलनला आपल्या पायलट्स संघाचा मॅनेजर कुणी केलं हे मला अजून कळलेलं नाही. मंगळवारी त्यानं फलंदाजीच्या क्रमात स्वतःचं नाव तिसरं लिहिलं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, पहिल्या बेसवर पोचेपर्यंत त्याला धाप लागते, आणि म्हणे तिसरा. नॉर्बर्ट क्लिमाला मात्र सातव्यावर टाकलंय. मे महिन्यात क्लिमाच्या कानामागे चेंडू बसला, ते तुला कळवलं होतंच. आठ दिवस इस्पितळात होता. आता बरा आहे, पण चेंडू जरा आत आला की पाय मागे घेतो, हे मी बघितलंय. म्हणून काय त्याला खाली ढकलायचं? मी म्हणते, चौथ्यावरच ठेवा, सगळ्यात जोरात मारणाऱ्याची जागा तीच. चार दिवस वाईट जातील, मग सावरेल.

एमिल असता तर डोलनला कुंपणावरून चार शब्द सुनावून आला असता. तुझ्या भावाला जाऊन पाच वर्षं होतील, पण पहिल्या बेसमागची त्याची खुर्ची मी अजून कुणाला देत नाही. तिथं माझी पर्स बसते. लोक विचारतात, मी सांगते की पर्सलाही सामना आवडतो.

तुम्ही दोघे भाऊ ज्या बटणांच्या कारखान्यात शिंपले कापत होतात, तिथं आता निम्मीच माणसं उरली आहेत. पांढरी पूड मात्र तेवढीच उडते.

ऑपरेशनचं डॉक्टर काय म्हणाले? मागच्या दोन्ही पत्रांत विचारलं, आणि दोन्ही वेळा तू क्लिमाबद्दल लिहिलंस.

तुझी,
लिडिया


सॅनिटोरियम, न्यू मेक्सिको
२१ जून १९४९

प्रिय लिडिया,

कागद मिळाले. पहिले दोनच आधी बघितले.

डोलनबद्दल तुझं बरोबर आहे. क्लिमाबद्दल साफ चूक आहे. तू स्टँडमध्ये बसून बघतेस, मी तिथं बॅट घेऊन उभा राहिलेलो माणूस आहे. ज्याला एकदा डोक्याला लागलं तो पुन्हा नीट उभा राहत नाही. आठ दिवसांनी नाही, आठ वर्षांनीही नाही. त्याला सातव्यावर ठेवणं हासुद्धा उपकार आहे. डोलननं त्याला दुसऱ्या क्लबला देऊन टाकावं आणि बदल्यात चेंडू टाकायला एक डावखुरा पिचर घ्यावा. क्लिमालाही ते बरं. दुसऱ्या गावात निदान त्याचा पाय कुणी बघत बसणार नाही.

माझ्या शेजारच्या पलंगावर आता सेलेस्तिनो बाका नावाचा माणूस आलाय. जन्मभर मेंढ्या राखल्या, बेसबॉलचा चेंडूसुद्धा कधी बघितलेला नाही. तुझे कागद तो माझ्या खांद्यावरून वाचतो. काल विचारत होता, की हे के अक्षर काही चौकोनांत सरळ आणि काही चौकोनांत उलटं का, बाईंची नजर अधू आहे का. त्याला समजावलं की गडी तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन चेंडू हुकून, बाद झाला की के लिहायचा. बॅट फिरवून बाद झाला तर सरळ के. बॅट खांद्यावर ठेवून नुसता बघत राहिला आणि बाद झाला तर उलटा. त्यावर सेलेस्तिनो म्हणाला, म्हणजे बाद दोघंही, पण तुम्ही लोक लाज वेगळी लिहून ठेवता. मेंढपाळाला खेळ कळायला लागलाय.

डॉक्टर सध्या गावाला गेलेत.

ओटो


हार्पर्स बेंड
३० जून १९४९

ओटो,

तुझ्या मनासारखं झालं. क्लिमा गेला. ब्लेकवेलच्या क्लबनं त्याच्या बदल्यात एक डावखुरा पिचर दिलाय. पहिल्याच सामन्यात त्यानं भलतीकडे चेंडू टाकून सहा जणांना फुकट बेस वाटले. चौथा नंबर आता हेज नावाच्या माणसाला मिळालाय. दिसायला दांडगा आहे, बाकी काही नाही. क्लिमा बस धरायला निघाला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानात होते. डोक्याला बांधलेली पट्टी केव्हाच निघालीय, तरी त्याचा हात सारखा कानामागे जात होता. मला फार वाईट वाटलं. एका चेंडूसाठी माणसाला गाव सोडायला लावणारे तुम्ही दोघे, डोलन आणि तू, एकाच खुर्चीत बसवायला हवेत.

आता दुसरं. तुझे डॉक्टर गावाला गेलेले नाहीत. तुझी भावजय, जवळची नातेवाईक म्हणून त्यांनी मला पत्र पाठवलंय. डाव्या फुफ्फुसाचा कुजलेला भाग काढला तर निम्मी आशा आहे, नाही काढला तर पुढचा उन्हाळा तू बघणार नाहीस, असं त्यांनी सरळ लिहिलंय. दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा तू आदल्या दिवशी नाही म्हणालास. एकदा दात दुखतो म्हणून.

ओटो, दात?

मी तुला हात जोडून सांगते, तिसरी तारीख घे. निम्मी आशा ही काही थोडी नाही. आपल्या संघातल्या कुणाची फलंदाजीची सरासरी निम्म्याच्या जवळपाससुद्धा नाही.

लिडिया


सॅनिटोरियम
८ जुलै १९४९

लिडिया,

डॉक्टरनं तुला लिहायला नको होतं. तूही मला शिकवायला येऊ नकोस. केव्हा उभं राहायचं आणि केव्हा नाही, हे बाहेर बसलेल्यानं सांगणं सोपं असतं. माझ्या नंबरचं एकदा काय झालं, ते तुला ठाऊक नाही.

कागद पाठवत जा. बाकीचं लिहू नकोस.

ओ.


हार्पर्स बेंड
१६ जुलै १९४९

प्रिय ओटो,

तुझ्या नंबरचं काय झालं ते मला ठाऊक आहे. तू कधीतरी हे म्हणशील म्हणून मी सत्तावीस वर्षं वाट बघत होते. आता तू लिहिलंसच, तर मीही लिहिते.

सोबत एक जुना कागद आहे. २० ऑगस्ट १९२२, ब्लेकवेलविरुद्धचा सामना. अक्षर माझं आहे. वडिलांच्या उजव्या हाताचं बोट छापखान्यात चिरडलं होतं, म्हणून त्या उन्हाळ्यात क्लबचा अधिकृत स्कोअर ते सांगायचे आणि मी लिहायची. त्या दिवशी ते घरीच होते, मी एकटी होते. मी एकोणीस वर्षांची होते आणि एमिलकडे बघून माझे कान तापायचे, हे तर तेव्हा सगळ्या गावाला माहीत होतं.

आठवा डाव. आपण एका धावेनं मागे, दोन बाद, दोघे बेसवर. कागदावर दिलेल्या क्रमात चौथा तू, पाचवा एमिल. नंबर तुझा होता. तू बाकाजवळ वाकून बुटाची नाडी बांधत होतास. एमिलनं बॅट उचलली आणि तो तुझ्या जागी चालत गेला. दुसऱ्याच चेंडूवर उजव्या कुंपणापर्यंत फटका मारला. दोन्ही गडी धावत होम प्लेटवर आले, दोन धावा झाल्या आणि आपण जिंकलो. स्टँडमध्ये मोठ्या क्लबचा माणूस खेळाडू निवडायला आला होता. त्यानं एमिलला नेलं, तुला नाही.

नियम तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण इतकी वर्षं तो मी मनाशी घोकत आलेय. क्रम मोडून कुणी खेळला, तर समोरच्या संघानं पुढचा चेंडू पडायच्या आत तक्रार करायची. मग ज्याचा नंबर होता तो बाद, आणि फटकाही रद्द. पण पुढचा चेंडू पडला आणि कुणी बोललं नाही, की जे झालं तेच खरं. आणि स्कोअर लिहिणाऱ्यानं, दिसलं तरी, कुणाला दाखवून द्यायचं नाही.

मला दिसलं होतं. ब्लेकवेलचा मॅनेजर पंचाशी भलत्याच गोष्टीवरून भांडत होता, कागद कुणीच बघितला नाही. ते अर्धं मिनिट मला अजून आठवतं. पुढचा चेंडू पडला आणि मी सुटकेचा श्वास सोडला. नियम होता म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगते. ते खोटं आहे. नियम नसता तरी मी गप्प बसले असते. एमिलचा फटका राहावा, एवढंच मला हवं होतं. त्यानं तुझा नंबर चोरला आणि मी त्याला मदत केली. त्याच्याबरोबर बावीस वर्षं संसार केला, पण त्याला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्याबद्दल मला जे कळलं असतं, ते मला नको होतं.

बघ, तुझ्या नावासमोरचा आठव्या डावाचा चौकोन कोरा आहे. तिथं काही लिहायला नव्हतंच.

आमच्यावरचा राग तुझ्या छातीवर काढू नकोस. मला काय बोलायचं ते बोल, पण ऑपरेशन करून घे.

लिडिया


हार्पर्स बेंड
५ ऑगस्ट १९४९

ओटो,

तीन आठवडे झाले. सात सामन्यांचे कागद पाठवले, त्यांचीसुद्धा पोच नाही. शिव्या दे, पण दोन ओळी लिही.

हेज सोळा वेळा खेळायला आला आणि एकदाच बेसवर पोचला. तेही पिचरनं चेंडू त्याच्या पोटरीवर मारला म्हणून.

लि.


सॅनिटोरियम
१४ ऑगस्ट १९४९

प्रिय लिडिया,

रागावलो नव्हतो. लिहिता येत नव्हतं. चार पत्रं सुरू केली, चारही सेलेस्तिनोनं शेकोटीसाठी नेली.

नाडी बांधलेलीच होती.

ते आधी लिहून टाकलं, आता बाकीचं लिहिता येईल. त्या वर्षी एप्रिलमध्ये ब्लेकवेलच्या ड्रेसेलचा चेंडू माझ्या कानामागे बसला होता. सकाळी मैदानात पडलो तो संध्याकाळी आईच्या पलंगावर जागा झालो. सगळ्यांना वाटलं की बरा झालो. मीही तसंच सांगत होतो. ऑगस्टच्या त्या सामन्यात ड्रेसेलच पिचर होता. पहिल्या तीनही वेळा मी बॅट खांद्यावर ठेवून उभा राहिलो आणि परत आलो. तुझ्याच अक्षरात आहे बघ, माझ्या नावासमोर तीन उलटे के. तू ते लिहिलेस आणि तरी तुला काही कळलं नाही, कारण तुझं लक्ष खालच्या, एमिलच्या ओळीवर होतं. त्यात तुझा दोष नाही.

आठव्या डावात नंबर आला. बॅट हातात घेतली आणि माझे पाय उठेनात. लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि पाय उठत नव्हते. सगळं गाव बघत होतं. एमिलनं माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या हातातली बॅट काढून घेतली आणि हळूच म्हणाला, "खाली वाक. नाडी बांधतोयस असं दाखव."

एवढंच बोलला. त्यानं चोरी केली नाही, लिडिया. कुणी तक्रार केली असती तर मी खेळायला न जाताच बाद झालो असतो, आणि गावानं त्याला मूर्ख म्हटलं असतं, मला नाही. त्यानं ते आधीच ठरवलं होतं. फटका बसला हे त्याचं नशीब.

नंतर तो मोठ्या क्लबात दोन उन्हाळे खेळला, कोपर गेलं, परत येऊन माझ्या शेजारच्या यंत्रावर शिंपले कापायला बसला. वीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. त्यानं एकदाही तो विषय काढला नाही, माझ्याजवळ नाही आणि तुझ्याजवळही नाही, हे मला तुझ्या पत्रावरून आत्ता कळलं. मी त्याला कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हणालो असतो तर ते झालं होतं असं ठरलं असतं.

तो चोर होता असं मनात धरून तू बावीस वर्षं त्याला जेवायला वाढलंस, आणि ते माझ्यामुळे. मला वाटायचं माझी भीती फक्त माझी आहे. तिची किंमत तुमच्या घरात कुणी भरत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला क्षमा कर.

क्लिमाबद्दल मी जे लिहिलं ते क्लिमाबद्दल नव्हतं, हे तुला आता कळलं असेल.

ओटो


हार्पर्स बेंड
२२ ऑगस्ट १९४९

प्रिय ओटो,

तुझं पत्र घेऊन मी मैदानावर गेले. सामना नव्हता, माळी गवत कापत होता. एमिलच्या खुर्चीवरची पर्स काढून मांडीवर घेतली आणि पोटभर रडले. माळी भला माणूस, त्यानं यंत्र पलीकडच्या बाजूला नेलं.

त्या फटक्याची कुणी आठवण काढली की एमिल म्हणायचा, "तो नंबर ओटोचा होता." दर वेळी हेच. मला वाटायचं की त्याचं मन त्याला खातंय. एकदा तर मी चिडून उठून गेले होते. आता वाटतं, त्याला एवढंच सांगायचं होतं की तुझं नाव त्यातून पुसलं जाऊ नये. किती साधं वाक्य होतं, आणि मी ते उलटं लिहून ठेवलं.

तुला क्षमा करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तू मला माझा नवरा परत दिलास. थोडा उशिरा दिलास, एवढंच.

शनिवारी ब्लेकवेलचा संघ इथं आला होता. त्यांच्या मॅनेजरनं क्लिमाला चौथ्यावर खेळवलं. आपल्या डावखुऱ्यानं पहिलाच चेंडू त्याच्या हनुवटीजवळून नेला, मुद्दाम. क्लिमा खाली बसला, उठला, पँट झटकली आणि पुन्हा तिथंच उभा राहिला. पाय थरथरत होते, मला माझ्या खुर्चीवरून दिसत होते. पण मागे घेतला नाही. चार वेळा आला, तीन वेळा बाद. कागद सोबत आहे. मी उठून टाळ्या वाजवल्या, तर शेजारची बाई म्हणाली, तो आता त्यांच्याकडचा आहे ना?

ऑपरेशनबद्दल मी या पत्रात काही विचारलेलं नाही.

तुझी,
लिडिया


सॅनिटोरियम
३० ऑगस्ट १९४९

प्रिय लिडिया,

क्लिमाचा कागद बघितला. तीनही के सरळ.

ऑपरेशन ६ सप्टेंबरला आहे. सकाळी आठ वाजता, माझा नंबर पहिला. या वेळी दात ठीक आहे.

भीती वाटते. आधीच्या दोन वेळा वाटली तेवढीच वाटते. फरक एवढाच की ती आता तुला माहीत आहे आणि सेलेस्तिनोलाही माहीत आहे, त्यामुळे लपवायचं काम उरलेलं नाही. त्या कामातच अर्धी ताकद जात होती.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तू माझ्या मागे लागलीस म्हणून मी जातोय, असं मनात आणू नकोस. स्कोअर लिहिणारा कुणाला खेळायला पाठवत नाही. तो फक्त बघतो आणि लिहितो. पाठवणारा मी आहे. दुसरी गोष्ट, २२ सालचा कागद माझ्या उशीखाली आहे. परत आलो तर तो कोरा चौकोन आपण दोघे बसून भरू. नाही आलो तर तिथं के लिही, पण सरळ. उलटे तीन पुरेत.

आणि डोलनला कुणीतरी सांगा, की हेजला आठव्यावर टाक आणि स्वतः बाकावर बस.

ओटो


सॅनिटोरियम
८ सप्टेंबर १९४९

वेंटबाई,

मी सेलेस्तिनो बाका, ओटोच्या शेजारच्या पलंगावरचा. तार तुम्हाला मिळाली असेल. तारेत सगळं मावत नाही, म्हणून लिहितो.

सकाळी ते ढकलगाडी घेऊन आले. ओटो म्हणाला, चालत येतो. डॉक्टर नको म्हणत होते, पण त्यानं ऐकलं नाही. मला त्याच्याबरोबर दारापर्यंत जाऊ दिलं. दोनदा थांबून श्वास घेतला. दाराशी पोचल्यावर तो सपातांनी फरशी घासायला लागला, आधी एका पायानं, मग दुसऱ्या. मी विचारलं, काय करतोस. तो म्हणाला, "उभं राहायला जागा करून घेतोय." मग आत गेला. मागे वळला नाही.

डॉक्टर म्हणाले की अर्ध्याहून जास्त काम नीट झालं होतं, मग हृदय थांबलं. ते वाईट डॉक्टर नाहीत. बाहेर येऊन माझ्या पलंगावर बसले.

आदल्या दिवशी ओटोनं मला सांगून ठेवलं होतं, की हा कागद तुम्हाला पाठवायचा. पाठवतो आहे. त्याला घडी मी घातलेली नाही, जुनीच आहे.

डोलन अजून तिसऱ्या नंबरवर खेळतो का? ओटो म्हणायचा, की त्यानं खेळू नये. मलाही तसंच वाटतं.

सेलेस्तिनो बाका


हार्पर्स बेंड
१७ सप्टेंबर १९४९

प्रिय सेलेस्तिनो,

तुमचं पत्र आणि कागद मिळाला. ओटोला काल एमिलच्या शेजारी ठेवलं. कारखान्यातली माणसं आली होती. डोलनसुद्धा आला होता, त्यामुळे त्याला जे सुनवायचं होतं ते राहून गेलं. हो, तो अजून तिसऱ्यावर खेळतो.

तार आली तेव्हापासून तुमचं पत्र येईपर्यंत मला एकच वाटत होतं, की मी त्याला ढकललं. एकदा गप्प बसून एका भावाबद्दल चुकले, आणि आता बोलून दुसऱ्याला घालवलं. मग तुम्ही लिहिलेलं ते सपातांचं वाचलं. ते तुम्ही तारेनंतर लिहिलंत, याबद्दल तुमचे उपकार मी विसरणार नाही. खेळाडू होम प्लेटजवळ आला की तसंच करतो, बुटांनी माती उकरून पाय रोवतो. ढकललेला माणूस तसं करत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी मी त्याला तसं करताना शेवटचं बघितलं होतं. एप्रिलमध्ये, चेंडू लागायच्या आधी.

पुढचा चेंडू पडल्यावर वहीत फेरफार करायचा नाही, हे मला वडिलांनी शिकवलं होतं आणि मी ते आजवर पाळलं. काल सगळे गेल्यावर तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. चौथी ओळ, आठवा डाव. आयुष्यभर मी स्कोअर पेन्सिलनं लिहिला, हा के शाईनं काढला. सरळ. मग शाई वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले.

लिडिया वेंट